उरलेल्या चौकटी

भागीरथीबाईंनी बेचाळीस वर्षांत एकही शब्दकोडं पहिल्यापासून सोडवलं नव्हतं, आणि तरी त्या घरातलं जवळजवळ प्रत्येक कोडं त्यांनीच पूर्ण केलं होतं. हे कसं, ते सांगायला हवं. पेपर आला की तो आधी त्यांच्या नवऱ्याच्या, धोंडूअण्णांच्या हाती जायचा. अण्णा नेपानगरच्या कागद कारखान्यात होते तेव्हा क्वार्टरमध्ये हाच नेम होता, आणि निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात लालबागला मुलाकडे राहायला आले तरी तोच. चहा पीत ते पेनानं कोडं भरायचे. पेन्सिल त्यांना कमीपणाची वाटे. अडलं की त्या चौकटीत बारीक गोल काढायचे आणि पेपर स्वयंपाकघरात सरकवायचे.

"अवं, हे किरकोळ राह्यलं, पाहून घे."

किरकोळ म्हणजे जे त्यांना आलं नाही ते. भागीरथीबाई पोळ्या लाटता लाटता ते गोल भरून काढायच्या, आणि अण्णा गल्लीभर सांगत फिरायचे की आज अर्ध्या तासात कोडं उडवलं.

हे असंच चाललं असतं. पण एका रविवारी शेजारचे मोतीलालभाऊ चहाला आले होते. यांची निंबोल्याला केळीची बाग, आणि तोंडावर खरं बोलायची खोड. अण्णांची फुशारकी चालू असताना सून हिमानी सहज म्हणाली, "कोडं तर आई पण सोडवतात ना."

अण्णा हसले. "तिले काय येतं? उरलंसुरलं भरते."

भागीरथीबाईंना ते लागलं. फार लागलं. रावेरच्या शाळेत त्या वर्गात पहिल्या यायच्या. दहावीच्या वर्षी लग्न झालं आणि शाळा सुटली, त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. चौकटीत अक्षर बसवताना मात्र त्यांना अजून बाकावर बसल्यासारखं वाटायचं. कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, "मग मले एक डाव अख्खं कोडं द्या. कोरं."

मोतीलालभाऊंसमोर माघार घेणं अण्णांना जमणार नव्हतं. पैज ठरली. पुढच्या रविवारी दोघांनी आपापलं कोडं दहा वाजेपर्यंत सोडवायचं. भागीरथीबाईंचं पूर्ण झालं तर पेपर रोज पहिले त्यांच्या हाती. नाही झालं तर त्यांनी यापुढे कोड्याला हात लावायचा नाही, उरलेल्या चौकटींनाही नाही. ही शेवटची अट त्यांना जड होती. पण त्या "चालते" म्हणून बसल्या होत्या.

रविवारी हिमानीनं पेपरच्या दोन प्रती मागवल्या आणि दोघांचे फोन फ्रिजवर ठेवून दिले. "सर्च नाही करायचं हां. चीटिंग बिलकुल नको."

मोतीलालभाऊ घड्याळ काढून पंच म्हणून बसले. कोड्याचा मथळा होता, 'आठवणीतला काळ'. भागीरथीबाईंनी पेन उचललं. मग पहिलाच आडवा शब्द दिसला, भिंतीतलं जुनं कपाट. फडताळ. जात्याला हातात धरायला असतो तो खुंटा. टपालाची तातडीची बातमी म्हणजे तार. एकामागून एक चौकटी भरत गेल्या. रॉकेलवर जळणारा काचेचा दिवा, कंदील. यात विचार करायचं तरी काय होतं!

तिकडे अण्णा मोठ्यानं हसले. "आडवा अकरा पाहा. 'वर्तमानपत्राच्या कागदासाठी एकेकाळी वापरत ते जंगलातलं लाकूड', अक्षरं तीन. आपल्या घरचंच आहे हे." आणि त्यांनी झोकात लिहिलं, बाभूळ.

आता खरी गोष्ट अशी की अण्णांची पस्तीस वर्षांची सगळी नोकरी तयार कागदाची रिळं बांधण्यात गेली. लाकडाचं आवार कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे येतं काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढे कंदील काही केल्या बसेना. 'ल'च्या जागी 'भू' येऊन बसला होता. पेनानं लिहिलेलं, खोडणार कसं?

"छापणाऱ्यानं गडबड केली," अण्णांनी निकाल दिला. "ज्यानं जन्मभर कागद बनवला त्याले हे कोडं शिकवतात."

दहाला आठ मिनिटं होती. भागीरथीबाईंच्या कागदावरही हाच एक शब्द उरला होता. मधलं अक्षर ल, बाकी दोन कोरी. इतकं येऊन आता कोडं कायमचं हातातून जाणार? नवऱ्याला जे आठवत नाही ते आपल्याला कुठून येणार?

मग त्यांनी डोळे मिटले आणि कारखाना सोडून आपली चूल आठवली. क्वार्टरमधल्या बायका कारखान्याच्या फाटकासमोर जायच्या. लाकडाच्या ट्रकांतून सांडलेल्या साली टोपलीत भरून आणायच्या. भरकन पेटायच्या त्या, आणि धुपासारखा वास सुटायचा. सासूबाई कुरकुरायच्या, भाकरीला देवळाचा वास येतो म्हणून. कशाच्या साली होत्या त्या?

त्यांनी डोळे उघडले आणि पेनानं लिहिलं, सलई.

मोतीलालभाऊंनी आडवं तपासलं, उभं तपासलं. "बसलं," ते म्हणाले. "सगळं बसलं, धोंडूअण्णा."

"सलई? कोण म्हणते?"

"मी म्हणते," भागीरथीबाई म्हणाल्या. "तुमच्याच फाटकासमोरून बारा वर्षं साली आणल्या. तुमची भाकर त्याच्यावरच भाजली."

उद्या उत्तर छापून येईल, तेव्हा पाहू, एवढंच अण्णा पुटपुटले.

सोमवारी पेपर पडला. सवयीनं अण्णांनीच उचलला आणि उभ्या उभ्या उत्तराची चौकट पाहिली. आडव्या अकराला सलईच होती. मग ते स्वयंपाकघरात आले, नव्या कोड्याचं पान वर करून पेपर बायकोच्या हातात दिला, आणि खिशातलं पेनही काढून दिलं.

भागीरथीबाईंनी गॅस बंद केला. बाहेर येऊन त्या अण्णांच्या खुर्चीत बसल्या, पाय वर घेतले आणि आडव्या एकपासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं त्यांनी दोन चौकटींत बारीक गोल काढले आणि पेपर नवऱ्यापुढे सरकवला.

"हे किरकोळ राह्यलं. पाहून घ्या."

अण्णांनी चष्मा चढवला, गोलांकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

"हिमानी," त्यांनी आत हाक मारली, "घरात पेन्सिल आहे का वं?"