चोरीला गेलेला एक इंच

मास्तरीणबाई शाळेत गेल्या त्या तिसरीपर्यंत, आणि त्यातही वर्गात कमी, वर्गाच्या दाराबाहेर उभ्या जास्त. तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे, कारण कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात आणि त्या गल्लीत चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाचं मशीन टिकलं नव्हतं. दोघे-तिघे येऊन गेले. मास्तरीणबाई त्यांनी शिवलेला कपडा दोन बोटांत धरायच्या, उंदीर धरावा तसा, आणि गिऱ्हाइकासमोर विचारायच्या, "हे माप माणसाचं घेतलं होतं की खुर्चीचं?" मग तो बिचारा दुकान गुंडाळून दुसरीकडे जायचा. "माझ्या मापात केसाएवढा फरक दाखवा, कात्री ठेवते खाली," हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की गिऱ्हाइकं आत येतानाच ते मनात म्हणून घेत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याची डावी बाजू गेली. बोलणंही गेलं; उरले तीन शब्द. हो, नाही आणि बघू. मास्तरीणबाईंचं म्हणणं असं की जन्मभर तरी या माणसानं चौथा शब्द कुठे वापरला होता. पण नवऱ्याला शर्ट घालायची वेळ आली की मास्तरीणबाईंचंही तोंड बंद व्हायचं. डावा हात वर जायचा नाही. एकीकडून त्या, एकीकडून सून, आणि मध्ये हा माणूस डोळे मिटून बसलेला, लहान मुलासारखा. आठ दिवस त्यांनी ते पाहिलं. नवव्या दिवशी खाकी कागद पसरला आणि एक वेगळाच शर्ट कापला. कॉलरपासून खांद्यावरून थेट मनगटापर्यंत तो उघडायचा. माणसाला शर्टात कोंबायचंच नाही. शर्ट अंगावर पांघरायचा आणि टिचबटणं दाबत खाली यायचं. पुढची कड दोन तुकड्यांची, एक खांद्याचा, एक बाहीचा. मागची कड सलग. अकरा बटणं. महिन्याभरात त्यांचा नवरा ती अकराच्या अकरा बटणं उजव्या हातानं स्वतः लावू लागला.

यंदा सुनेनं त्याचा व्हिडिओ केला. 'सुई-दोरा मंडळ' नावाचा शिवणाऱ्यांचा एक ग्रुप होता इंटरनेटवर, चौदा हजार माणसांचा, तिथे टाकला. व्हिडिओत मागे भिंतीवर टाचलेलं वहीचं पान दिसत होतं. त्यावर मास्तरीणबाईंच्या हातचे आकडे: खांदा सात, बाही एकवीस, मागची कड सत्तावीस.

आणि दोन महिन्यांनी एका सकाळी सून फोन घेऊन दुकानात आली, तोंड एवढंसं करून.

"आई, रागावू नका."

"म्हणजे रागवण्यासारखं आहे. दाखव."

शिवणगुरू नावाचा एक गृहस्थ ऑनलाइन शिवण शिकवत असे. त्यानं त्याच ग्रुपवर एक सुंदर खाका टाकला होता, रंगीत रेघांचा. खाली लिहिलेलं: 'माझं पाच वर्षांचं संशोधन. एका बाजूनं अधू असलेल्यांसाठी शर्ट. खाका विकत मिळेल.' आकडे: सात, एकवीस, सत्तावीस.

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाच वर्षं? अगं, यांना आजारच तीन वर्षांपूर्वी झाला. हा काय आधीच टपून बसला होता?"

"मी लिहिलंय त्याच्याखाली, की हे आमच्या आईंचं आहे. तर तिथे वाद पेटलाय. दोनशे उत्तरं आलीत."

"वाच."

सून वाचू लागली. एक जण कायद्याचा विद्यार्थी होता. तो प्रत्येक वाक्याच्या आधी कलम लिहायचा. मास्तरीणबाईंनी त्याचं नाव ठेवलं कलमवाला. त्याचं म्हणणं, शर्टाच्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. काढलेल्या खाक्यावर, म्हणजे रेघांवर असू शकते. दुसरा म्हणत होता की ज्ञान हवेसारखं असतं, ते सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे. तो फुकटराव. तिसरा म्हणत होता की अजून कागदावर रेघा ओढताय म्हणजे कमाल आहे, संगणकाला सांगा, दोन सेकंदांत खाका देतो, आता लेखक काय आणि शिंपी काय, हक्कबिक्क विसरा. तो यंत्रवाला.

"त्या फुकटरावाला विचार, तू पोटापाण्याला काय करतोस?"

सुनेनं विचारलं. उत्तर आलं: 'खाजगी शिकवण्या घेतो.'

"फुकट?"

त्यावर फुकटरावानं हवेबद्दलच आणखी एक परिच्छेद लिहिला.

मास्तरीणबाईंना हे आवडायला लागलं. लिहिण्याची त्यांना अडचण, पण फोनमध्ये बोललं की आपोआप लिहिलं जातं हे सुनेनं दाखवलं, आणि मग काय विचारता! कात्री एका हातात, फोन एका हातात. पहिलंच उत्तर असं गेलं: 'यंत्रवाल्या, तुझ्या यंत्राला नवरा आहे का, त्याचा हात कधी अडकलाय का, ज्याचं दुखलं नाही त्याला कुठे कापायचं ते कसं कळणार, अगं दूध बघ दूध, गेलं वाटतं उतू, बावळटासारखी उभी काय राहिलीस.' बोललेलं सगळंच्या सगळं छापून आलं. यंत्रवाल्याला वाटलं शेवटचं वाक्यही त्यालाच आहे. त्या उत्तराला चारशे जणांनी बदाम दिले.

"पुसून टाकू का दुधाचं?" सुनेनं विचारलं.

"राहू दे. खरंच गेलं होतं ना उतू?"

शिवणगुरू मात्र पक्का होता. गोड बोलायचा. 'मावशींबद्दल आदर आहे. पण गणित सगळ्यांचं सारखंच असतं. त्यांना सत्तावीस सुचलं, मलाही सुचलं. शरीर एकच, तर माप एकच.' लोकांना पटू लागलं. व्हिडिओ आधीचा असला तरी याचं संशोधन त्याहून जुनं, असं तो म्हणे. त्याला खोटं कसं पाडणार?

तेव्हा कलमवाल्यानं लिहिलं: 'मावशी, नक्कल करणारा माणूस बरोबर ते तर उतरवतोच, चूकसुद्धा उतरवतो. तुमच्या खाक्यात अशी एखादी चूक आहे का, जी जगात दुसऱ्या कुणाकडून होणारच नाही? ती दाखवा. त्याच्याकडे तीच निघाली तर विषय संपला.'

सुनेनं हे वाचलं आणि सासूकडे पाहिलं. मास्तरीणबाई एकदम कामाला लागल्या. एक बाही उसवायला घेतली, जी उसवायची काहीच गरज नव्हती.

कारण अशी चूक होती.

त्यांच्या गळ्यातली टेप एक इंच कमी होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिचं पितळी टोक निघालं, दोरे सुटले. दुसरी घ्यायला हातात काही नव्हतं, म्हणून त्यांनी फाटका इंच कात्रीनं कापून टाकला. टेप आता एकपासून सुरू व्हायची. माप त्याच टेपनं घ्यायचं, कापडावर त्याच टेपनं टाकायचं, म्हणजे चाळीसचं एक्केचाळीस व्हायचं आणि एक्केचाळीसचं पुन्हा चाळीस. कपडा चोख बसायचा. वहीत मात्र जन्मभर प्रत्येक आकडा एकानं जास्त. पुढे नवी टेप आणण्यासारखे दिवस आले, पण हाताला तिचीच सवय झाली होती. आणि दुसऱ्यांच्या मापांवर चाळीस वर्षं तोंड सोडल्यावर, आपली टेप थोटी आहे हे सांगणार कसं?

"लिही," त्या सुनेला म्हणाल्या, "माझ्या खाक्यात चूक नाही. मी चुकत नाही."

सुनेनं एक श्वास घेतला आणि लिहिलं. शिवणगुरूनं त्याला हसरं तोंड टाकलं. दुपारपर्यंत ग्रुपचा कौल त्याच्या बाजूनं झुकला. फुकटराव म्हणाला, प्रसिद्धीसाठी म्हाताऱ्या माणसांना पुढे करणं ही हल्लीची फॅशनच आहे. मास्तरीणबाईंना त्यातलं 'म्हाताऱ्या' सगळ्यात जास्त लागलं.

आणि मग त्या गोंधळात एका बाईचा प्रश्न आला. तिला वादाशी काही घेणंदेणं नव्हतं. 'सर, तुमचा खाका घेऊन मी बाबांसाठी शर्ट शिवला. दोनदा उसवून शिवला. पुढची कड एक इंच जास्त होते. बटणं जुळत नाहीत, खांद्यावर कापडाचा गोळा होतो आणि बाबांचा हात त्यात अडकतो. आता शर्ट दिसला तरी ते भिंतीकडे तोंड करतात. माझं काय चुकतंय?'

शिवणगुरूचं उत्तर लगेच आलं. 'ताई, तो इंच मी मुद्दाम दिलाय. मोकळेपणासाठी.'

"मोकळेपणासाठी!" मास्तरीणबाई ओरडल्या. "मुडद्या, तो इंच तुला कळला तरी आहे का!"

सात आणि एकवीस किती होतात हे कळायला त्यांची तिसरी पुरेशी होती. अठ्ठावीस. मागची कड सत्तावीस. त्यांच्या टेपनं खांद्यातला एक गेला, बाहीतला एक गेला, राहिले सव्वीस. मागचा एक गेला, तिथेही सव्वीस. चांगल्या टेपनं कुणी शिवलं तर पुढे अठ्ठावीस, मागे सत्तावीस. त्या पोरीचं काही चुकत नव्हतं. तिची टेप धड होती, एवढंच.

त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. नवरा खिडकीपाशी बसला होता. त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"ऐकलंत ना सगळं? भिंती काही जाड नाहीत आपल्या."

"हो."

"सांगून टाकू का टेपचं?"

"हो."

"लोक हसतील."

"हो," तो म्हणाला, आणि उजव्या बाजूनं हसला.

"तुम्ही तरी बघू म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

"दार लाव. तुला एक सांगायचंय. कुठे बोलायचं नाही; म्हणजे आता बोलायचंच आहे, पण आधी नीट ऐक. माझी टेप..."

"एक इंच कमी आहे," सून म्हणाली.

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं?"

"नऊ वर्षं तुमच्या हाताखाली शिवतेय, आई. पहिल्याच महिन्यात तुमच्या वहीवरून, माझ्या टेपनं सहा बाह्या कापल्या. तुम्ही मला आंधळी म्हणालात, माझ्या माहेरच्यांनाही आंधळं म्हणालात. मग मी तुमची टेप माझ्या टेपला लावून बघितली."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलणार? माझ्या टेपचा इंच कापून टाकला. तुम्हाला वाटलं, पोर सुधारली."

मास्तरीणबाईंना हसावं की चिमटा काढावा ते कळेना. शेवटी त्यांनी गळ्यातली टेप काढली, कापडाच्या टेबलावर सरळ ताणली आणि म्हणाल्या, "घे व्हिडिओ. तोंड नको माझं. नुसती टेप दाखव. नाही, थांब. तोंडही घे. चोर मी नाही, मी का लपू?"

व्हिडिओत त्या फार बोलल्या नाहीत. टेपचं टोक दाखवलं, वही दाखवली. "बाळ, प्रत्येक आकड्यातून एक वजा कर. खांदा सहा, बाही वीस, मागे सव्वीस. बाबांना सांग, शर्टाचा दोष होता, हाताचा नव्हे. आणि शिवणगुरू, तुमच्या पाच वर्षांच्या संशोधनात माझ्या लग्नातली टेप कशी आली, ते जरा समजावून सांगा. शर्ट कुणीही शिवा, त्याला माझी ना नाही. पण चूक माझी आहे. ती मी स्वतः केलीय, चाळीस वर्षं सांभाळलीय. ती कुणी आपल्या नावावर विकायची नाही."

शिवणगुरूनं तासाभरात खाका काढला, आणि ग्रुपही सोडला. वाद मात्र सुटेना. कलमवाल्याला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. चुकीवर मालकी सांगता येते का, यावर त्यानं एवढं लांब लिहिलं की सुनेनं मध्येच सोडून दिलं. फुकटराव म्हणाला, चुकासुद्धा सगळ्यांच्या असतात. त्यावर मास्तरीणबाईंनी कळवलं, तुझ्या तुझ्याकडेच ठेव. आणि कुणीतरी यंत्रवाल्याच्या संगणकाकडे तसा शर्ट मागितला, तर त्यानं खरोखर दोन सेकंदांत खाका दिला: सात, एकवीस, सत्तावीस. कुठून गिळलं ते त्यालाही सांगता येईना.

गल्लीत व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बायका एकदम दुकानात. मास्तरीणबाई मान ताठ करून बसल्या. येऊ दे, जे बोलायचं ते बोलू दे.

"म्हणजे इतकी वर्षं," त्यातली थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमची कंबर तुमच्या वहीत एक इंच जास्त होती? आणि तुम्ही आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत होतात?"

"आता एक इंच वजा करून घे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आजपासून बारीक. शिलाई तेवढीच."

त्या गेल्यावर सून नवी टेप पुढे धरून उभी राहिली. मास्तरीणबाईंनी ती हातात घेतली, एकाच्या आधीचा तो कोरा इंच अंगठ्यानं चोळून पाहिला, आणि खणात टाकून दिली.

चौथ्या दिवशी फोटो आला. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, अंगावर निळा शर्ट. वरची चार बटणं लागलेली, बाकीची सात उघडी, आणि पाचव्यावर त्यांचा अंगठा. एका कडेला मुलीचा हात दिसत होता, हवेतच थांबलेला. खाली लिहिलं होतं: 'हात लावू देत नाहीत.'

मास्तरीणबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

"कॉलर उलटी बसवलीय हिनं. लिही."

"आई, आधी काही चांगलं लिहू या की."

मास्तरीणबाईंनी फोटो पुन्हा लहान केला, सगळा माणूस दिसेल एवढा.

"लिही," त्या म्हणाल्या, "सगळी बटणं लागेपर्यंत तू तुझे हात पदराखाली दाबून बस. फार जड जातं, मला माहीत आहे. पण बस." मग म्हणाल्या, "कॉलरचं उद्या सांगू."