देव सांधायचे आहेत

राज्यांची फेररचना झाली आणि तुळशीरामाची कचेरी जबलपूरहून नागपूरला गेली. जाताना त्यानं देव्हाऱ्यातला देवीचा टाक उचलला. खंडोबाचा टाक जबलपुरातच, थोरल्या भावाकडे, पुंडलिकाकडे राहिला. वडिलांनी एकाच पाटावर पुजलेले चांदीचे हे देव. "देव फोडले त्यानं," असं पुंडलिक कारखान्यात, सदरच्या बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटला. भावाशी मात्र चकार शब्द नाही, वर्षानुवर्षं.

घरची रीत अशी, की वेगळे झालेले देव पुन्हा एकत्र बसवायचे तर थोरल्यानं बोलवायचं आणि धाकट्यानं आणायचे. पुंडलिकाला यातलं दुसरं अर्धंच तेवढं आठवायचं. मोठेपणाचा ताठा, दुसरं काय!

देवीची जागा मात्र त्यानं मोकळी ठेवली होती. हिंदी शाळेत शिकलेल्या ज्योतीनं, त्याच्या लेकीनं, एकदा विचारलं, "बाबा, इथे काहून काही ठेवत नाही?"

"देव सांधायचे आहेत."

"मतलब, जोड़ना?"

"नाही बाई. जोडता कशालाही काहीही येते. सांधायचं ते मुळात एकच असते, तुटलेलं. संस्कृतातला संधा तो हा. सम् म्हणजे एकत्र, धा म्हणजे ठेवणं. तुझ्या आजोबांनी शिकवलं होतं आम्हा दोघांना."

'दोघांना' म्हणताना त्यानं ती मोकळी जागा पुसली.

"तो चलो, काकांना बोलवा ना."

"मी काहून बोलवू? नेले त्यानं, आणील तो."

मार्गशीर्षात तुळशीरामाची बायको शकु दारात रिक्षातून उतरली. कपाळ मोकळं, हातात फडक्यात गुंडाळलेला टाक. पुंडलिकानं तिला आत घेतलं.

"केव्हा?"

"महिना झाला, भाऊजी."

"मले कळवलं काहून नाही?"

"तेच कळवू नको म्हणून राहिले होते. दादा बोलावतील तेव्हाच जायचं म्हणे. एकदा तर टाक घेऊन इथे सदरपर्यंत आले होते. चहा पिऊन तसेच परतले. न बोलावता कसा जाऊ म्हणे."

ज्योतीनं टाक घ्यायला हात पुढे केला. पुंडलिकानं तिला थांबवलं. बातमी महिन्यानं कळली तरी आता घराला सुतक लागलं होतं, तीन दिवस देवाला हात लावायचा नव्हता. शकुनं फडकं देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवलं, ते तसंच राहिलं.

पुंडलिक दारात गेला. रिक्षा कधीच निघून गेली होती.

"तुळश्या," रस्त्याकडे पाहत तो म्हणाला, "ये रे घरी. देव घेऊन ये."

शकुनं पदर तोंडाला लावला.