राहीचं हिरवं लुगडं

टर्रर्र! भर दुपारी, निजल्यासारख्या घरात माझा काठ फाटला.

मित्रांनो, मी एक जुनं हिरवं लुगडं आहे. कोष्ट्याच्या मागावर मला विणलं आणि कुंडलच्या लीलाबाईनं थोरल्या लेकीच्या न्हाणासाठी मला घेतलं. तेव्हा राही तेरा वर्षांची होती. बाप मानसिंग लढाईवर. अंगावरून पहिल्यांदा रक्त गेलं, तशी पोर गोठ्यात लपून बसली.

"आये, मी मरतीया का गं?"

लीलाबाई लाजली. "गप. शाणी झालीस आता," एवढंच म्हणाली.

मग मला नेसवून राहीला मखरात बसवलं. बायकांनी ओटी भरली, हसल्या. "नाव घे की नवऱ्याचं! मुकी हाईस व्हय?" लग्न आधीच लागलेलं होतं. न्हाण आलं की पोर सासरी धाडायची, हीच रीत. पंधरवड्यात ती पलूसला गेली. माझ्या निऱ्या तिच्या पायांत यायच्या, चालताना अडखळायची. वर्षभरात त्याच निऱ्या पोटावर ठरेनात. अजून हाडं भरली नव्हती तिची. दोन दिवस कळा सोसल्या. बाळ गेलं, तीही गेली. मला मात्र धुऊन, घडी घालून माहेरी पाठवलं.

त्यानंतरची पाच वर्षं माझी पेटीतच गेली. मला कुणी हात लावला नाही. पेटी जराशी हलली तरी वाटायचं, राही निऱ्या सावरतेय.

गेल्या महिन्यात गावात नर्सबाई आल्या. देवळाच्या ओट्यावर बायकांना म्हणाल्या, "न्हाण यायच्या आधी पोरीला सगळं सांगा. पाळीचं कापड धुऊन उन्हात वाळवा. अन् अठराच्या आत बाळंतपण नको."

आज लीलाबाईनं मला बाहेर काढलं. अकरा वर्षांच्या मनूला जवळ घेतलं, तिच्या पाळीसाठी माझे तुकडे करता करता सगळं समजावून सांगितलं.

लीलाबाईची सासू दगडाबाई उंबऱ्यातून कडाडली, "पोरीला असलं सांगत्यात व्हय? लाज इकलीस का?"

"लाजंपायी एक घालवली, आत्याबाई. ही अठराची झाल्याबिगर सासरला जायाची न्हाई."



मित्रांनो, फाटल्याचं मला दुःख नाही. तुमच्या बहिणींना, लेकींना वेळेवर सांगा. एवढंच या जुन्या कापडाचं मागणं.

मनू माझ्या तुकड्याची घडी करता करता थांबली. आईकडं बघून म्हणाली,

"आये, तुला समदं ठावं हुतं, तर आक्काला का गं न्हाई सांगितलंस?"