सुकली की या

"जखम सुकली की या," असं तुम्हीच म्हणालात, डॉक्टर. नाही म्हणू नका. टाके काढलेत तेव्हा मी शेजारीच उभी होते. पुढची औषधं कधीपर्यंत सुरू व्हायला हवीत, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. दाराबाहेरची रांग बघितलीत आणि पुढचं नाव पुकारलंत.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आयुष्य धुलाईच्या कारखान्यात गेलं. हॉटेलांच्या चादरी सुकवायच्या, घड्या घालायच्या. चादर सुकली का, ते गालाला लावून बघायच्या. गार लागली की परत दोरीवर. मीही तिथेच कामाला. आम्ही बाया चिडवायचो, "पुरे झाले चादरीचे मुके."

"हसा. दमट घडी घातली की कपाटभर वास सुटतो. मग शिव्या कोण खातं?"

गाठीपायी त्यांचा स्तन काढल्यावर काखेजवळचा एक कोपरा पाझरत राहिला. इतकुसा. त्या रोज पट्टी सोडून गालाला लावायच्या.

"चला ना दवाखान्यात," मी म्हणायचे.

"दमट आहे गं अजून. ओली घेऊन गेले तर हाकलून देतील."

"जाऊबाई, ती काय चादर आहे?"

"तू गप. डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं?"

मला तरी कुठे काय कळत होतं? गाठ गेली, पीडा टळली, असंच घरात सगळे धरून चालले होते. उन्हाळा सरला, स्वेटर बाहेर निघाले.

आज पट्टी कोरडी लागली. ठेवणीतले कपडे घालून त्या तुमच्यासमोर बसल्या आणि पास झालेल्या पोरीसारखं म्हणाल्या, "सुकली हो, डॉक्टर."

तुम्ही कागद चाळलेत. "इतके महिने होतात कुठे, बाई? औषधं काही आठवड्यांतच सुरू करायची असतात. आता कितपत उपयोग होईल, सांगता येत नाही."

"पण ओली होती ना."

"थोडं पाणी येतंच. त्यासाठी कोणी थांबतं का?"

जाऊबाईंनी पिशवीतून ती पट्टी काढली. काठाला काठ जुळवून घडी घातलेली. तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही ती पेनाने बाजूला सारलीत आणि पुढचं नाव पुकारलंत.

त्या उठल्या. मी उठत नाही. सांगा, किती सुकली की यायचं असतं? आणि हे त्या दिवशी सांगायला तुमची जीभ कुठे गेली होती?