मानाची साडी

बस्त्याला माणसं कपडे घ्यायला जातात, असा कुणाचा समज असेल तर तो त्याने आधी डोक्यातून काढावा. नवरीच्या साड्या मुलाकडचे घेतात, नवऱ्याचे कपडे मुलीकडचे घेतात, आणि तेवढ्या खरेदीत कोण किती पाण्यात आहे ते दोन्ही विहिणींना पक्कं कळतं. लग्न नंतर लागतं. माणसं बस्त्यालाच उघडी पडतात.

विनिताला हे पुरतं ठाऊक होतं, कारण हा तिचा दुसरा बस्ता. पहिलं लग्न किहीमच्या मुलाशी ठरलं होतं. साड्या घेऊन झाल्या, पत्रिका वाटल्या, आणि ऐन वेळी मुलाने पाठ फिरवली. त्यात विनिताचा काडीचा दोष नव्हता. पण दोष शोधायचाच म्हटलं तर तिच्या गावात, थळमध्ये, माणसांची वाण नव्हती. तिची आई तुळशी तेव्हापासून हळदीकुंकवालाही जाईनाशी झाली होती. म्हणून पेणजवळच्या दिपेशचं स्थळ आलं तेव्हा आईने देव पाण्यातून काढले. दिपेशचे डंपर होते, घर होतं, आणि मुलगा अबोल होता. "हे मोडलं ना पोरी, तं मी गावात तोंड दाखवनार न्हाय," एवढंच आई म्हणाली होती. विनितालाही तो आवडला होता, उगीच खोटं कशाला बोला? फोनवर तो कमी बोलायचा, पण तिचं सगळं ऐकून घ्यायचा.

त्या सकाळी दिपेश स्वतः गाडी घेऊन आला. पुढच्या सीटवर त्याची आई भागुबाई, मागे या दोघी मायलेकी. वडखळला गाडी पेणकडे वळेल असं विनिताने धरलंच होतं. त्या भागातला बस्ता म्हणजे पेण, फार मिजास असली तर पनवेल. पण गाडी गोव्याच्या दिशेने वळली.

"पेनला न्हाय जायचं?" विनिताने विचारलं.

"मानगावला बरं दुकान हाय," भागुबाई मागे न बघता म्हणाली. "पेनला समदी वळखीची. बघायला येतात, न् बोलत बसतात."

ओळखीच्या दुकानात बस्ता बांधायला माणसं धडपडतात, आणि ही बाई ओळख टाळायला अर्धा जिल्हा ओलांडत होती. विनिताने आईकडे पाहिलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती, ती माणगाव येईपर्यंत तशीच बघत राहिली.

दुकान मोठं होतं. पांढऱ्या गादीवर सगळी बसली, चहा आला. म्हातारा शेठ हात जोडून म्हणाला, "आधी देवीची काढू?"

ही रीत सगळीकडची. बस्त्यातली पहिली साडी कुलदेवीची, हिरवी, सोबत खण. ती कुणी निवडत बसत नाही. शेठने वरची हिरवी साडी उचलली, भागुबाईने कुंकवाचं बोट लावलं आणि बाजूला ठेवली. विनिता सरसावून बसली. आता तिची पाळी.

"आता मोरपंखी दाखव," भागुबाई म्हणाली.

मोरपंखी विनिताला फारसा शोभत नसे, पण सासूने हौसेने सांगितलंय म्हटल्यावर तिने साडीचा पदर बघायला हात पुढे केला. भागुबाईने तो हात झटकन बाजूला सारला. जोरात नव्हे, पण झुरळ झटकावं तसा.

"ह्याला हात लावू नको, बाय. ही मानाची हाय."

"गावदेवीची का, काकी?"

"व्हय. तसंच समज."

विनिताने हात मांडीवर घेतला, पण तिचं लक्ष त्या साडीवरून हलेना. कुलदेवीची साडी जिने न बघता उचलली, ती बाई गावदेवीच्या साडीला मात्र नाकं मुरडत होती. एक परत केली, रंग फिका म्हणून. दुसरी परत केली, पदर आखूड म्हणून. तिसरीचा काठ तिने स्वतःच्या मानेवर घासून पाहिला. शेंदूर फासलेल्या पाषाणाला काठ टोचतो कुठे?

"मऊ काठाची काढ रे," भागुबाई शेठला म्हणाली. "जाड काठ तिला खपायचा न्हाय."

खपायचा न्हाय. खपत न्हाय नव्हे, पूर्वी खपायचा न्हाय. देवीबद्दल असं कुणी बोलत नाही. देवीला आज आवडतं, उद्याही आवडणार असतं. ज्याचं आवडणं कधीचं संपलंय, त्याच्याबद्दलच असं बोलतात.

"कुणाला?" विनिताने विचारलं.

भागुबाईचा हात साडीवर थबकला. दिपेश मोबाईलमध्ये बघत होता, आणि मोबाईल बंद होता. उत्तर दिलं ते शेठने, आणि तेही अगदी मदत करायला म्हणून.

"सवतीची काय? मग आधी बोलायचं ना, काकी. गेलेल्या सवतीची साडी नवरीच्या साड्यांना टेकू देत नाय. मी वेगळी बांधून देतो."

सवत. हा शब्द विनिताने भांडणात ऐकला होता, चेष्टेत ऐकला होता. तो आपल्यालाही कधी लागू होईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तुमचं लग्न झालेलं?" तिने दिपेशला विचारलं.

तो बंद मोबाईलवर अंगठा फिरवत राहिला. फोनवर तो असाच गप्प राहायचा, आणि विनिता त्याला समजूतदारपणा म्हणायची. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"झालेलं," भागुबाई म्हणाली. "गेली ती. तिच्या नावानं साडी काढल्याबिगर नवी सून घरात घेत न्हाईत. तुझ्याच भल्यासाठी हाय."

"कशाने गेली?"

"तापानं," दिपेश म्हणाला.

"हिरीवर पाय सरकला," भागुबाई म्हणाली.

दोघं एकाच वेळी बोलले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेत दुःख नव्हतं. दोघांनी मिळून करायच्या कामात एकाने घोटाळा केला की दुसरा बघतो तशी ती नजर होती. शेठने उगाचच गादीवरची साडी घडी करायला घेतली.

"ताप व्हता," भागुबाईने सावरलं. "तापातच हिरीवर गेली. ताप डोक्यात चढला व्हता तिच्या, कोनाचं ऐकायची न्हाय."

विनिता आईकडे वळली. आई आता कडाडेल, आता या बाईची शंभर पिढ्यांसकट आरती करेल, अशी तिला खात्री होती. थळच्या बंदरावर आईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण आईचा चेहरा बघून विनिता जास्त घाबरली. त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"आये, तुला ठाव होतं?"

तुळशीने पदर तोंडाला लावला. "साखरपुड्याला सांगितलं हिनं मला. म्हनाली, लग्न झाल्यावर सांगू. मला वाटलं, बिजवर असला म्हनून काय झालं... तुझं पुन्हा मोडू नये म्हनून मी..." ती थांबली. मग पदर खाली करून तिने भागुबाईकडे पाहिलं. आवाज इतका बारीक होता, की शेठसुद्धा घडी घालता घालता थांबला. "पन विहीनबाय, मला तुमी बाळंतपनात गेली म्हनून सांगितलेलं."

एका बाईला तीन मरणं. बाहेर हायवेवर ट्रक हॉर्न देत होते.

"मेल्या मानसाचं काय उगाळत बसता?" भागुबाई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातली बाय-बाय गेली होती. "तिचा मान आमी ठेवला. दरसाल साडी देतो. मऊ काठाची बघून देतो. कोन देतं एवढं?"

"आणि मला कुठल्या रंगाची द्याल, काकी?" विनिताने विचारलं.

भागुबाईला प्रश्न कळला नाही. किंवा अगदी नीट कळला. "तुझ्या आवडीची सांग ना," ती म्हणाली. "सांगून ठेव."

विनिता उठली. आईही भिंतीला हात टेकून उठली आणि चपला शोधू लागली.

"गाडीची चावी माझ्याकडं हाय," दिपेश म्हणाला. आज पहिल्यांदाच तो मान वर करून, सरळ बघून बोलत होता. "जानार कशा?"

"एस्टीनं," तुळशी म्हणाली.