घोडीच्या पाठीवरचे खोगीर

मित्रांनो, मी एक जुने खोगीर असून एका घोडीचा मला अजूनही हेवा वाटतो. निरुपयोगी भरताडाला लोक ‘खोगीरभरती’ म्हणतात. माझ्या पोटात मात्र चांगली लोकर भरली होती. मला शिवणाऱ्या म्हाताऱ्याने प्रत्येक टाका दातांनी ओढून पक्का केला होता.

घोडदळात आल्यावर मी एका पोरसवदा स्वाराच्या वाट्याला गेले. घरात तो सर्वांत धाकटा, तुकडीतही सर्वांत धाकटा. म्हणून सगळे त्याला शेंडेफळ म्हणत. त्याच्या गुडघ्यांनी माझे कातडे घासून मऊ झाले. तो माझ्यावर बसे, माझ्यावर डोके टेकून झोपे. पण बोलायचा तो घोडीशी. आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा तिला, मानेवरून हात तिला, “दमलीस का गं?” हेही तिलाच. मला महिन्यातून एकदा तेल मिळे, तेही दफेदार ओरडला तर. दफेदार म्हणजे तुकडीचा म्होरक्या. सवतीमत्सर काय असतो, ते मी तबेल्यात शिकले.

घोडी लबाड होती. पोटाखालून माझा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना ती श्वास भरून पोट फुगवी. म्हणून घोडदळाचा नियमच असतो: तंग आवळा, घोडा थोडा चालवा आणि पुन्हा आवळा. शेंडेफळाने तो कधी चुकवला नव्हता.

लढाई पेटली. रोजच्या दौडीत तंगाने घोडीचे पोट सोलवटले. एका सकाळी टेहळणीला जायचे होते. दफेदार म्हणाला, “आज हिला राहू दे. दुसरा घोडा घे.”

“मी दिसलो नाही की ही चारा सोडते, दफेदार.”

“मग तंग नीट आवळ. जखम आठवड्यात भरून येते. पडलेला माणूस भरून येत नाही.”

“आवळतो की.”

पहिल्यांदा आवळला. आपला रुमाल घडी करून जखमेवर ठेवला. थोडे चालल्यावर त्याने पुन्हा तंगाला हात घातला, तशी घोडी शहारली. त्याने हात काढून घेतला. “बरं बाई, राहिलं,” म्हणाला. माझ्या मनात आले, घ्या, आता नियमसुद्धा तिच्यासाठी वाकणार.

टेहळणीच्या वाटेवर एका वीटभट्टीच्या भिंतीआडून गोळीबार सुरू झाला. शेंडेफळ आणि सोबतचे दोघे, असे तिघे स्वार मागे वळून भरधाव सुटले. खंदकावरून उडी मारताना मी एका बाजूला घसरले. शेंडेफळाने लगाम गच्च धरला होता. त्या ओढीने घोडीची मान वळली, पाय अडखळले. आणखी धरला असता तर ती कोसळलीच असती. त्याने लगाम सोडला. मित्रांनो, शेवटचा विचारही त्याने तिचाच केला. तो उघड्या रानात पडला, उठून उभा राहिला, आणि गोळी लागली.

मी घोडीच्या पोटाखाली लोंबकळत परत आले. सगळे तिच्या गळ्यात पडले. “मुकं जनावर, बघा कसं परत आलं,” म्हणाले. माझ्याबद्दल एवढेच म्हणाले, “खोगीर फिरलं.” आणि मला कोपऱ्यात टाकले. दफेदाराने तंगात अडकलेला रुमाल काढला आणि खिशात घातला.

काही दिवसांनी शेंडेफळाची थोरली बहीण त्याचे सामान न्यायला आली. दफेदाराने तिला रुमाल दिला, आणि तो कुठे सापडला तेही सांगितले. तिने रुमाल मुठीत घेतला. मग म्हणाली, “घोडी दाखवा.”

घोडीसमोर उभी राहून ती तिलाच म्हणाली, “घरी आला तरी तुझंच पुराण लावायचा. मी कशी आहे, ते निघताना दारात विचारायचा. कधी कधी वाटायचं, तुला विकून टाकावं.”

माझ्या मनातले पहिल्यांदाच कोणी बोलले. मला वाटले, आता घोडीची खरडपट्टी निघणार. पण बहिणीला ते सोलवटलेले पोट दिसले. “याला मलम कोण लावतं?” तिने विचारले. कोणीच लावत नव्हते. तिने पदर खोचला, मलम मागून घेतले आणि घोडीच्या पोटाशी बसली. घोडी शहारली. बहिणीने हात काढला नाही. “दुखू दे,” म्हणाली. “लावावं लागतं.”

घोडी नव्या स्वाराकडे गेली. मला बहिणीने घरी आणले. ती मला तेल लावते, पण माझ्यावर हात फिरवतानाही ती घोडीचीच काळजी करते.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला जरूर जपा. पण त्याला दुखेल म्हणून करायचे काम अर्धे सोडू नका. शेंडेफळाला माझी आठवण झाली नाही, याचे मला वाईट वाटते. त्याला स्वतःचीही झाली नाही, याचे जास्त.