मावशीच्या गालावरचा तीळ

मी पत्र्याची पेटी बोलतेय. आधी तक्रार सांगते, मग बाकीचं. त्या बाईवर कुणी म्हणून विश्वास ठेवला नाही. संपादकानं नाही, शेजारणींनी नाही, सख्ख्या नवऱ्यानं नाही. "मावशी मी काढली," असं ती चाळीस वर्षं सांगत राहिली आणि ऐकणारे "हो का" म्हणून चहाचा घोट घेत राहिले. त्या "हो का"चा अर्थ मला पत्र्यालाही कळायचा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शाळेची पेटी आहे मी. एका पोरीबरोबर चार वर्षं बाकाखाली बसले, पाढे ऐकले, छड्याही ऐकल्या. पाचवीत तिला कापडी दप्तर मिळालं आणि माझी शाळा सुटली. म्हणून गोड शब्दांत गुंडाळून सांगायला मला जमत नाही. जे आहे ते तोंडावर.

माझ्या झाकणावर एक बाई छापली आहे. डोक्यावर बुचडा, काखेत मिटलेली छत्री, गालावर टपोरा तीळ, आणि चेहरा असा की आता कुणाला तरी झापणार. एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर "मावशीचा फणकारा" नावाची चित्रपट्टी यायची. चारच चौकटी. पहिल्या तीन चौकटींत कुणीतरी शहाणपणा करायचं आणि चौथीत मावशी त्याचा माज उतरवायची. लोक पेपर मागून उघडायचे. मग एका कारखानदारानं मावशी छापून शाळेच्या पेट्या काढल्या. त्यातली मी एक. शाळेत माझ्या पोरीच्या मैत्रिणी मला पेटी म्हणायच्याच नाहीत. "तुझी मावशी सरकव गं," असं म्हणायच्या. तेव्हापासून माझं नाव मावशी.

आता माझा जन्म सांगते, कारण पाप तिथलंच आहे. आमचा पत्रा आधी छापतात, मग कापून वाकवतात. एका पत्र्यावर आम्ही बाराजणी शेजारी शेजारी. छापायची पारदर्शक फिल्म अक्षरांची वेगळी, चित्राची वेगळी. छापणाऱ्या कारागिराला भूक लागली होती, एक डोळा डब्याकडे होता. अक्षरांची फिल्म त्यानं नीट पाहून लावली, कारण अक्षर उलटं आलं तर शेंबडं पोरही ओळखतं. चित्राची फिल्म पालथी पडली. चित्राला सुलट-उलट कोण विचारतो? आरशात दिसावी तशी मावशी छापली गेली. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर आला. आम्ही बाराच्या बाराजणी तशाच भट्टीत गेलो, रंग पक्का झाला, कड्या लागल्या आणि हजारोंनी दुकानात गेलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

फक्त एका बाईच्या लक्षात आलं. तिला साप्ताहिकाच्या कचेरीत रेघवाली म्हणायचे. मावशीचं चित्र काढणारे मोठे चित्रकार म्हणजे मास्तर. चौकटी आखायच्या आणि बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं काढायची, एवढ्यासाठी रेघवालीला ठेवलेली. डावखुरी होती. अक्षरांवरून हात फिरून फिरून तिच्या डाव्या हाताची कड कायम शाईनं काळी. मला पहिलीतल्या मुलीसाठी घरी आणलं तेव्हा तिनं झाकण पुसलं आणि म्हणाली, "अगंबाई, तुझा तीळ इकडे कुठं आला?" हसली. मुलीला म्हणाली, "बघ, मावशीला उलटं पाडलं मेल्यांनी." आणि मला फडताळात ठेवलं. तेवढ्यावर विषय संपला. तिलाही वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही की हा तीळ एक दिवस तिच्यावरच उलटेल.

पोरीची चौथी झाली तशी रेघवालीनं मला स्वतःच्या कामाला घेतलं. टाक, निबं, ब्लेड, शाईची दौत, चिंध्या, सगळं माझ्या पोटात. रोज कचेरीत जायला लागले. आणि तिथं मला कळलं, घरात ती सांगायची ते खरं होतं.

मास्तरांचा हात पट्टीच्या तिसऱ्याच वर्षी कापायला लागला होता. पहिल्यांदा त्यांनी तिला मागची झाडं काढायला दिली, मग माणसं, मग मावशीचे कपडे, मग मावशीच. त्यानंतर अकरा वर्षं मावशी रेघवालीनं काढली, माझ्या झाकणावरचीसुद्धा. आधी पेन्सिल, मग शाई. चेहरा वाळला की अगदी शेवटी टाक उभा धरून तीळ टेकवायची, आणि म्हणायची, "झालं, बाई जिवंत झाली."

मग मास्तर यायचे. खुर्चीत बसायचे, निम्मा चहा बशीत सांडायचे आणि कोपऱ्यात सही करायला वाकायचे. चार अक्षरांच्या सहीला त्यांना पाव तास लागायचा. कागद हलू नये म्हणून रेघवाली दोन्ही हातांनी तो दाबून धरायची. स्वतःच्या चित्रावर दुसऱ्याची सही नीट यावी म्हणून. मी शेजारीच उघडी पडलेली असायचे, सगळं बघत. मास्तर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. एकदा म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तुझं नाव घालू हं." ती म्हणाली, "घाला सावकाश." ते पुढचं वर्ष आलंच नाही. मास्तर गेले.

शोकसभा झाली, भाषणं झाली. मावशी बंद करायचं ठरलं. रेघवाली मला काखेत मारून संपादकासमोर उभी राहिली.

"बंद का करता? मीच काढत होते की. अकरा वर्षं."

संपादक पानं चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, तुम्ही रेघा मारायच्या."

"मावशी पण रेघांचीच असते."

"मेलेल्या माणसाचं नाव पळवू नये. शोभत नाही."

ती परत आली ती दुकानांच्या पाट्या रंगवायला लागली. अक्षर वळणदार, काम भरपूर. पण कुठं जुन्या मावशीचा विषय निघाला की म्हणायचीच, "ती मी काढली." आणि लोक म्हणायचे, हो का.

चाळीस वर्षं गेली. पोर मोठी झाली, दाताच्या दवाखान्यात कामाला लागली. रेघवालीच्या हातून पाट्या सुटल्या, मग नावं सुटायला लागली. गॅस बंद केला का हे ती दहादा विचारायची, पण मावशीचं विसरत नव्हती. तेवढ्यात पोरीच्या वाचण्यात आलं की एक गृहस्थ जुन्या चित्रपट्ट्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवताहेत. कात्रणं, कॅलेंडरं, बिल्ले, पेट्या. आणि प्रत्येकाखाली कार्डावर खऱ्या चित्रकाराचं नाव. पोरीनं मला फडक्यात गुंडाळलं. खरं सांगू? तिचाही आईवर पुरता विश्वास नव्हता. तिला एकदाची खात्री हवी होती, हो किंवा नाही.

त्या गृहस्थाच्या गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून मी त्याला भिंगवाले म्हणते. खोलीभर खण, खणांत पाकिटं, पाकिटांवर पेन्सिलीनं टिपणं, आणि डांबरगोळ्यांचा वास. हातात पांढरे मोजे घालून त्यानं मला टेबलावर ठेवलं. मला इतक्या अदबीनं आजवर कुणी हात लावला नव्हता. मी शेफारले.

"बघा ताई," तो म्हणाला, "सही ही शेवटची गोष्ट बघायची. आधी कान बघायचे, नखं बघायची, बुटाच्या नाड्या बघायच्या. जिथं चित्रकाराचं लक्ष नसतं तिथं तो सापडतो." असं करून त्यानं सहा बेनामी चित्रकारांना त्यांची नावं परत मिळवून दिली होती. माणूस प्रामाणिक होता. तोच तर घात झाला.

त्याच्याकडे मास्तरांनी पहिल्या वर्षी स्वतः काढलेला एक मूळ कागद होता. पुढच्या वर्षांची नुसती कात्रणं, तीही स्वस्त कागदावरची. शाई पसरून सावलीच्या बारीक रेघांचा नुसता चिखल झालेला. त्या रेघा स्वच्छ दिसत होत्या त्या फक्त माझ्यावर.

"उजव्या हातानं काढणाऱ्याच्या सावलीच्या रेघा खालून उजवीकडे वर चढतात. डावखुऱ्याच्या डावीकडे चढतात. हाताचा सांधाच तसा फिरतो, ठरवूनही बदलत नाही. हा मास्तरांचा कागद, बघा, उजवीकडे. आणि ही तुमची पेटी." त्यानं भिंग माझ्या गालाजवळ आणलं. "उजवीकडे. तुमच्या आई कोणत्या हातानं काढायच्या?"

पोरीनं फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "डाव्या."

"मग मला लिहिता येणार नाही हो. मनापासून वाईट वाटतं."

आणि मी काय केलं? दिव्याखाली चमकले. उलटी छापलेली मी, डावीकडच्या रेघा उजवीकडे दाखवत, भिंगाखाली नटून बसले होते. तिनं भरवशानं साक्षीला आणलेली मी. माझी साक्ष खोटी पडली आणि त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, तर माझा रंग अजून किती छान टिकलाय. हे मला आजही गिळवत नाही.

प्रदर्शनासाठी पेटी उसनी द्याल का, असं त्यानं विचारलं. पोरगी देऊ म्हणाली, पण तोवर मला घरी घेऊन आली. आईला तिनं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, रेघवाली घर डोक्यावर घेईल. घेतलंही. "त्या भिंगवाल्याच्या डोळ्यात शाई घाला," म्हणाली. दोन दिवस जेवताना पुटपुटत होती. तिसऱ्या दिवशी नुसती बसून राहिली. आठवडाभरानं भाजी निवडता निवडता म्हणाली, "मास्तरांनीच काढली असेल गं. मी रेघा मारायचे."

"आई, असं काय करतेस?"

"एवढा शिकलेला माणूस भिंगातून बघून सांगतो. माझं डोकं हल्ली कुठं ठिकाणावर असतं?"

संपादकाला जे चाळीस वर्षांपूर्वी जमलं नाही ते माझ्या तोंडानं एका आठवड्यात केलं. जगात तिच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलं होतं, ती स्वतः. मी तेही काढून घेतलं. फडताळात बसून रोज ऐकत होते. पत्र्याला गंज बाहेरून चढतो म्हणतात. मला तेव्हा आतून चढला.

प्रदर्शनाच्या दिवशी पोरगी आईला घेऊन आली. दंडाला धरून एकेक काच दाखवत होती. माझ्यासमोर आल्या. माझ्या पायाशी कार्ड होतं, चित्रकार म्हणून मास्तरांचं नाव. रेघवालीनं ते वाचलं, मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही कोण?"

"आई, आपलीच पेटी. माझी शाळेतली."

"पेटी आपली आहे. ही बया आपली नाही. तीळ बघ कुठं आहे."

"गालावर आहे की."

"उजव्या. तीळ डाव्या गालावर असतो. चेहरा वाळला की मग टाकायचा, टाक उभा धरून. नाहीतर फुटतो."

भिंगवाले मागेच उभे होते. आत जाऊन कात्रणांची वही घेऊन आले आणि काचेवरच उघडली. रेघांचा चिखल झाला होता, पण तीळ तो तीळ, ठसठशीत. एक कात्रण, डावा गाल. दुसरं, डावा गाल. पंधरावं, विसावं, डावा गाल. ते पोरीकडे वळले.

"ताई, आरसा आहे का तुमच्याकडे?"

पोरीनं पर्समधला छोटा आरसा दिला. त्यांनी मला बाहेर काढून माझ्यासमोर धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी मला खरी पाहिली. तीळ डाव्या गालावर, आणि छत्रीखालच्या साऱ्या सावलीच्या रेघा डावीकडे वर चढलेल्या. एकूण एक.

आता मी काचेमागेच असते आणि माझ्यासमोर तो आरसा कायमचा लावलाय. पायाशी नवीन कार्ड आहे. त्यावर तिचं खरं नाव आहे, रेघवाली नव्हे. ते मी इथं सांगणार नाही. जाऊन वाचा, तेवढे कष्ट घ्या तिच्यासाठी. आणि तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल तर भंगारात घालू नका. तिच्या तोंडावर मात्र जाऊ नका.

त्या दिवशीचं थोडं राहिलं. भिंगवाल्यांनी तिथंच बसून नवं कार्ड लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरून वाचलं.

"अक्षर वाईट आहे," ती म्हणाली. मग हळूच, "मास्तर रागावतील हो."

मी तिच्यातून काढून घेतलेलं सगळंच काही परत आलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

"आजी, चूक माझी," भिंगवाले म्हणाले. "मी एकच बाजू बघितली."

"तुम्ही कशाला चुकाल? तुम्हाला जे दाखवलं ते बघितलंत."

"माझी आहे आई," पोरगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मीसुद्धा तुला खोटं समजले."

"तू लहान होतीस."

"मग एवढी वर्षं खोटं बोललं तरी कोण?"

रेघवालीनं डाव्या हाताचं बोट माझ्या उजव्या गालावर टेकवलं, तिळावर, आणि नखानं खरवडून पाहिलं. निघाला नाही.

"मावशी," ती म्हणाली.